चार रॅम स्टिक, चारही निर्दोष: स्वतः जुळवलेल्या एका संगणकाचे प्रकरण

या प्रकरणातील संगणकाचा प्रत्येक सुटा भाग तपासणीत निर्दोष ठरला, आणि तरीही तो संगणक सात आठवडे आपल्या मालकिणीच्या फायली गुपचूप बिघडवत राहिला. जो संगणक सुरूच होत नाही, तो निदान काहीतरी बिनसल्याचे सांगून मोकळा होतो. हा संगणक मात्र बहुतेक वेळ नीट चालत होता, म्हणूनच त्याच्याकडून झालेली हानी उशिरा लक्षात आली. तपासाला अकरा दिवस लागले, त्यांतले तीन मी घाईने काढलेल्या एका निष्कर्षामुळे वाया गेले. तो निष्कर्ष कोणता होता आणि तो का चुकला, हेही येथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तशीच चूक पुष्कळ जण करतात.

यंत्र आणि तक्रार

संगणकाच्या मालकीण जुन्या कॅसेटींवरील मुलाखतींचे डिजिटल जतन करणाऱ्या अभ्यासक आहेत. यापुढे त्यांचा उल्लेख ‘अभ्यासक’ असाच करतो. त्यांनी सुटे भाग आणून हा संगणक स्वतः जुळवला होता, आणि ती जोडणी पाहून मला खरोखर समाधान वाटले. मदरबोर्डाखालचे स्टँडऑफ, म्हणजे त्याला टेकू देणारे छोटे खुंट, नेमक्या जागी होते, प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत आत बसलेला होता आणि एकही वायर हवेच्या वाटेत आडवी येत नव्हती. प्रोसेसर एएम५ सॉकेटचा, आठ कोअरचा रायझन ७ ७७००. मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा आणि रॅमचे चार स्लॉट असलेला. रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, डीडीआर५-६००० या वेगाची, १६ जीबीच्या दोन स्टिकच्या (पट्ट्यांच्या) संचातली. त्याशिवाय फायली साठवायला एक एनव्हीएमई एसएसडी आणि वीज पुरवायला ७५० वॅटचा एसएमपीएस. वेगळे ग्राफिक्स कार्ड सुरुवातीला नव्हते, कारण या प्रोसेसरमध्ये कामापुरते ग्राफिक्स अंगभूतच असते.

पहिल्या दिवशीचा एक प्रसंग पुढच्या गैरसमजांना कारण झाला, म्हणून सांगतो. बटण दाबल्यावर पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच राहिला आणि मदरबोर्डावरचा रॅमच्या नावाचा छोटा दिवा पेटलेलाच राहिला. अभ्यासकांनी मिनिटभर वाट पाहून वीज बंद केली, स्टिक काढून पुन्हा बसवल्या, आणि हे तीन वेळा केले. चौथ्या वेळी त्यांना दुसऱ्या कामासाठी उठावे लागले. परतल्यावर पाहतात तो बायोसचा, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या मूळ प्रणालीचा, पडदा समोर. या पिढीचा मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी देवाणघेवाण करण्याच्या वेळा आणि व्होल्टेज जुळवून घेतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. दर वेळी वीज तोडल्याने ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. बिघाड काहीच नव्हता. पण ‘हा मदरबोर्ड पहिल्यापासूनच जरा संशयास्पद आहे’ ही अढी मनात बसली ती बसलीच.

त्यानंतरचे पाच आठवडे संगणक उत्तम चालला. मग मोठ्या ध्वनिफायलींमधली खरखर काढण्याचे काम सुरू झाले, त्यासाठी जास्त रॅम हवी होती, आणि त्यांचे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाचाही उपयोग करून घेणारे होते. म्हणून त्यांनी एकाच दुपारी दोन बदल केले: त्याच मॉडेल क्रमांकाचा रॅमचा आणखी एक संच बसवून ६४ जीबी केली, आणि एक ग्राफिक्स कार्ड लावले. रॅम बदलल्यावर बायोसने आपण होऊन सावध, कमी वेग निवडला होता. तो पाहून त्यांनी पूर्वीप्रमाणे एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारी बायोसमधली तयार मांडणी, चालू केले आणि वेग पुन्हा ६००० वर आणला. संगणक सुरू झाला, विंडोज उघडली, ६४ जीबी दिसली.

नवव्या दिवशी पहिली ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज अचानक थांबल्याचा निळा पडदा, आली. पुढे दर दोन-तीन दिवसांनी एखादी येऊ लागली. मधूनच ब्राउझरचा एखादा टॅब कोसळायचा, नीट उतरवलेली सेटअप फाइल ‘खराब आहे’ असा संदेश यायचा आणि तीच पुन्हा उतरवली की चालायची. माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी विंडोज नव्याने टाकली होती, ग्राफिक्सचे ड्रायव्हर (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) दोनदा बदलले होते, कूलर काढून थर्मल पेस्ट पुन्हा लावली होती आणि शेवटी ८५० वॅटचा नवा एसएमपीएसही आणला होता. प्रत्येक उपायानंतर तीन-चार दिवस बरे जायचे, त्यामुळे तो लागू पडला असे वाटायचे. जो बिघाड मुळातच दोन-तीन दिवसांच्या अंतराने डोके वर काढतो, त्याच्या बाबतीत तीन चांगल्या दिवसांवरून काहीच ठरवता येत नाही, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आले नाही.

मला त्यांनी बोलावले ते ब्लू स्क्रीनसाठी नव्हे. तीन आठवड्यांपूर्वी साठवलेली एक मुलाखत मध्येच उघडेनाशी झाली होती. “संगणक मधूनमधून बंद पडतो ते मी सहन करीन,” त्या म्हणाल्या, “पण या मुलाखती बिघडल्या तर मी काय करू? बोलणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत.”

स्क्रूड्रायव्हर न उचलता झालेली पहिली बैठक

पहिल्या दिवशी मी संगणक उघडला नाही. एका वहीत तारखा लिहून काढल्या: काय केव्हा बसवले, काय केव्हा बदलले, काय केव्हा बिघडले. दोन बदल एकाच दुपारचे असल्याचे या वहीमुळेच समोर आले, आणि ग्राफिक्स कार्डावरचा संशय सर्वांत मोठा का वाटत होता तेही कळले. कार्ड डोळ्यांत भरते, रॅमची जादा जोडी नजरेतून सुटते.

त्यानंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी पाहिल्या. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद अनेकदा होती, आणि तिच्या नावात ‘पॉवर’ असल्यामुळेच अभ्यासकांनी एसएमपीएस बदलला होता. वास्तविक ही नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. वीज गेली, संगणक गोठला, कोणी बटण दाबून ठेवले किंवा ब्लू स्क्रीन आली, तरी पुढच्या वेळी हीच नोंद होते. तिच्यावरून कारण कळत नाही. अधिक बोलक्या होत्या त्या ब्लू स्क्रीनच्या नोंदी. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’, एकदा ‘सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन’. आणि दोष ज्या ड्रायव्हरच्या नावावर लागला तोही दर वेळी वेगळा. एखादा ड्रायव्हर खरोखर सदोष असेल तर साधारणपणे त्याचेच नाव पुन्हा पुन्हा येते. दर वेळी नवा आरोपी पुढे येत असेल, तर ते सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्याकडे पाहावे लागते, आणि संगणकात ती जमीन म्हणजे रॅम.

एसएमपीएसविषयीची शंका मी तेव्हाच बरीच खाली ठेवली. वीजपुरवठा कमी पडला तर संगणक बहुधा भर कामात, ब्लू स्क्रीन दाखवण्याचीही उसंत न मिळता झटकन बंद होतो. येथे बहुतेक प्रसंग फायली कॉपी होत असतानाचे किंवा अगदी हलक्या कामाच्या वेळचे होते, आणि प्रत्येक वेळी ब्लू स्क्रीन लिहिली जाण्याइतका वेळ यंत्राला मिळाला होता.

माझी चूक

रॅमवर संशय आल्यामुळे मी मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेतले आणि कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून चालवले. ६४ जीबी तपासायची असल्यामुळे पहिली फेरी पूर्ण व्हायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. चूक एकही नाही. मी वहीत ‘रॅम ठीक’ असे लिहिले.

हे दोन शब्द तपासाला महाग पडले. पुढचे तीन दिवस मी दुसरीकडे शोधत होतो. १२ व्होल्टच्या तारांवर मल्टिमीटर लावून पाहिला: रिकाम्या संगणकावर १२.०४ आणि पूर्ण भारावर ११.९१ व्होल्ट, म्हणजे एटीएक्सच्या मानकातील पाच टक्के मुभेच्या, अर्थात ११.४० ते १२.६० या मर्यादेच्या चांगलेच आत. प्रोसेसरचे तापमान भारावर ७८ अंश सेल्सिअस होते, तर त्याची कमाल मर्यादा ९५ आहे. एसएसडीच्या आरोग्यनोंदींत एकही अडचण नव्हती. ग्राफिक्स कार्ड काढून अंगभूत ग्राफिक्सवर संगणक चालवला. दोन दिवस काही झाले नाही आणि मला वाटले, सापडले. तिसऱ्या दिवशी, कार्ड नसतानाही, ब्लू स्क्रीन आली.

तेव्हा मी मूळ तक्रारीकडे परत गेलो. बिघडत होत्या त्या फायली, तर मग फायलींनाच साक्षीदार का करू नये? मी १५० जीबीचा एक फोल्डर तयार केला. तो मुद्दाम रॅमपेक्षा मोठा ठेवला, कारण लहान फोल्डर विंडोज रॅममध्येच धरून ठेवते आणि मग एसएसडीवरून पुन्हा वाचायची वेळच येत नाही. त्यातील प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेने काढून यादी साठवली आणि, ग्राफिक्स कार्ड परत लावून ते कामात गुंतवून, तीच मोजणी पुन्हा पुन्हा केली. फाइल बदलली नसेल तर हॅश बदलता कामा नये. चौथ्या फेरीत एका फाइलचा हॅश वेगळा आला. संगणक बंद करून, पुन्हा सुरू करून त्याच फाइलचा हॅश काढला, तर तो पूर्वीचाच, बरोबर आला.

या एका निरीक्षणाने तपासाची दिशा पक्की केली. एसएसडीवरची माहिती बरोबर होती, पण ती वाचून हाती येईपर्यंतच्या वाटेत कोठेतरी बदलत होती. उलट दिशेनेही हेच घडत असणार हे ओघाने आले: लिहायची फाइल आधी रॅममध्ये येते, तेथे तिचा एखादा बिट (शून्य किंवा एक) पालटतो, आणि एसएसडी ती चुकलेली फाइल अत्यंत प्रामाणिकपणे, स्वतःच्या सगळ्या तपासण्यांसह, जशीच्या तशी जपून ठेवते. म्हणूनच एसएसडीच्या नोंदी स्वच्छ होत्या. विंडोजची नेहमीची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था फायलींमधील मजकुराचा चेकसम (पडताळणीची संख्या) ठेवत नाही, त्यामुळे तिलाही यातले काही कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या रात्री कॅबिनेट बंद करून मेमटेस्ट पुन्हा लावले आणि या वेळी सकाळपर्यंत थांबवले नाही. पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ. तिसऱ्या फेरीत चुका दिसू लागल्या. सकाळपर्यंत एकूण सात, सातही वेगवेगळ्या पत्त्यांवर. आधीच्या तपासणीत दोन गोष्टी चुकल्या होत्या: मी एकाच फेरीवर विसंबलो होतो, आणि उघड्या कॅबिनेटमुळे रॅम जेवढी थंड राहिली तेवढी ती प्रत्यक्ष वापरात कधीच राहत नव्हती. डीडीआर५च्या या स्टिकवर तापमापक असतो. त्याच्या आकड्यांनुसार उघड्या कॅबिनेटमध्ये रॅम ४७ अंशांच्या आसपास राहत होती, आणि बंद कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाची गरम हवा तिच्यावर आली की ६१ अंशांपर्यंत चढत होती. एवढे तापमान रॅमला घातक मुळीच नाही. पण ज्या मांडणीत चुकीला जागाच उरलेली नसते, तेथे चौदा अंशांचा फरक पुरतो.

कार्डाच्या संशयालाही यातून उत्तर मिळाले. ते दोषी नव्हते. त्याच्या उष्णतेमुळे चुका लवकर दिसत होत्या, इतकेच. ते काढले तेव्हा दोन दिवस शांततेत गेले ते याच कारणाने.

कोणती स्टिक खराब?

अभ्यासकांचा आणि माझाही पुढचा प्रश्न हाच होता, आणि प्रश्नाची मांडणीच चुकीची होती हे कळायला आणखी चार दिवस जावे लागले. चारही स्टिकवर मी खडूने क्रमांक घातले आणि एकेक स्टिक, प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या स्लॉटमध्ये, ६००० वर रात्र-दिवस तपासली. चारही स्वच्छ. मग सर्वांत भरवशाची एक स्टिक घेऊन चारही स्लॉट तपासले. स्लॉटही स्वच्छ. जुना संच एकटा, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये: स्वच्छ. नवा संच एकटा, त्याच स्लॉटांमध्ये: तोही स्वच्छ.

मेमटेस्टला लागणारा वेळ वाचवण्यासाठी मी येथे प्राइम९५चाही उपयोग केला. हा कार्यक्रम मोठ्या संख्यांचे गुणाकार करून पूर्णांकापासून उत्तर किती हटले ते तपासतो, आणि ते ०.४ पेक्षा जास्त हटले की थांबतो. चार स्टिक, ६०००चा वेग, बंद कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्डावर भार, अशा स्थितीत तो अठराव्या मिनिटाला थांबला. प्राइम९५ची चूक प्रोसेसरमुळेही येऊ शकते, म्हणून नुसत्या त्या अठरा मिनिटांना अर्थ नव्हता. अर्थ आला तो तुलनेमुळे, कारण बाकी सगळे तसेच ठेवून फक्त दोन स्टिक काढल्यावर तोच कार्यक्रम बारा तास बिनचूक चालला.

प्रोसेसर काढून सॉकेटमधील पिना पाहाव्यात असे एकदा मनात आले होते. एएम५मध्ये १७१८ पिना मदरबोर्डावर असतात, आणि एखादी वाकली किंवा कूलरचा दाब एकीकडे जास्त पडला तर रॅमचे एक चॅनेल (रॅम आणि प्रोसेसर यांमधली एक वाट) बिघडू शकते. परंतु दोन्ही चॅनेल वापरणारी प्रत्येक जोडी स्वच्छ चालत होती, त्यामुळे त्या शंकेला आधार उरला नव्हता, आणि नीट बसलेला प्रोसेसर निष्कारण काढण्यात स्वतःचा धोका असतो. मी तो काढला नाही.

बायोसची नवी आवृत्ती टाकल्यावर चार स्टिकच्या चुका कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. वेग ५२०० वर आणला तेव्हा नऊ तासांनी एक चूक आली. चारही स्टिक ३६०० वर ठेवल्या, आणि सलग छत्तीस तास एकही चूक आली नाही.

दोष कोठे होता

रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांसाठी रॅमचा अधिकृत कमाल वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा दिलेला आहे. रॅमच्या खोक्यावरचा ६००० हा आकडा स्टिक काय करू शकते ते सांगतो. प्रोसेसरमधला, रॅमशी व्यवहार करणारा मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्डावरच्या तांब्याच्या रेषा किती झेपवतील, याची हमी त्या आकड्यात नाही. दोन स्टिकना ६००० चालून जाणे हा अनेकांचा अनुभव आहे आणि या संगणकानेही पाच आठवडे तो दिला. पण तोही अधिकृत मर्यादेच्या बाहेरचाच होता. एक्स्पो प्रोफाइल चालू करणे म्हणजे एका क्लिकने केलेले ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणे) होय, ही गोष्ट नव्याने जुळवणी करणाऱ्यांना पुरेशी स्पष्ट करून सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

चार स्टिकना एवढा कमी वेग का, हे आकड्यांनी चांगले कळते. डीडीआर५-६००० म्हणजे प्रत्येक तारेवर सेकंदाला ६०० कोटी बिट. एका बिटाच्या वाट्याला सुमारे १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात निर्वातातला प्रकाशसुद्धा पाच सेंटिमीटरच जातो, आणि मदरबोर्डावरच्या रेषेतला संकेत त्याच्या साधारण निम्मे. म्हणजे पुढचा बिट निघतो तेव्हा मागचा अजून अर्ध्या वाटेवर असतो. अशा मदरबोर्डावर एका चॅनेलचे दोन स्लॉट त्याच रेषांवर एकापाठोपाठ जोडलेले असतात. दोन्ही स्लॉट भरले की कंट्रोलरला दुप्पट चिपांचा भार ओढावा लागतो, आणि प्रत्येक जोडापाशी संकेताचा थोडा अंश परावर्तित होऊन मागे येतो आणि पुढच्या बिटात मिसळतो. एक आणि शून्य ओळखण्याची खिडकी त्यामुळे अरुंद होते. ३६०० वर एका बिटाला सुमारे २७८ पिकोसेकंद मिळतात, आणि तेवढ्या अवकाशात हा गोंधळ शमून जातो.

दुसरी बाब संचांची. दोन्ही संचांचा मॉडेल क्रमांक एकच असला तरी उत्पादनाच्या तुकड्या वेगळ्या होत्या. रॅमचा संच एकत्र तपासून विकलेला असतो, आणि ती हमी त्या संचापुरतीच असते. दोन सारखे संच एकत्र केले म्हणजे चार स्टिकचा एक तपासलेला संच तयार होत नाही. या प्रकरणात हिचा वाटा किती आणि भाराचा किती, हे वेगळे काढण्याजोगी तपासणी मी केली नाही.

अभ्यासकांनी मला एक फार चांगला प्रश्न विचारला: डीडीआर५मध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते असे त्यांनी वाचले होते, मग ती कोठे गेली? ती सोय खरी आहे, पण ती चिपच्या पोटातली आहे. चिपमध्ये प्रत्येक १२८ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून, साठवणीत पालटलेला एखादा बिट ती चिप स्वतःच सुधारते. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना तारेवर जो बिट चुकीचा वाचला जातो, त्याची तिला खबर नसते. त्या वाटेचे रक्षण करणारी ईसीसी रॅम वेगळी असते, तिच्या स्टिकवर जादा चिपा असतात आणि ती या संगणकात नव्हती.

उपाय तीन होते. चार स्टिक ३६०० वर चालवणे. चार काढून ३२ जीबीच्या दोन घेणे. किंवा व्होल्टेज आणि वेळा हाताने चढवत ६००० स्थिर करण्याचा प्रयत्न करणे. तिसऱ्याला मी स्पष्ट विरोध केला. या मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर २०२३ मध्ये एसओसी व्होल्टेजवर बायोसमधूनच १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली, आणि मेमरी कंट्रोलर त्याच व्होल्टेजवर चालतो. ज्या यंत्रावर कोणाचे तरी शब्द कायमचे जपायचे आहेत, त्यावर असले प्रयोग करू नयेत असे माझे ठाम मत आहे. अभ्यासकांनी पहिला उपाय स्वीकारला. कमी वेगाची त्यांना धास्ती होती, म्हणून तासाभराच्या एका मुलाखतीतली खरखर काढायला लागणारा वेळ दोन्ही वेगांवर मोजून पाहिला. फरक दोन मिनिटांच्या आत होता, कारण ते काम मुख्यतः ग्राफिक्स कार्ड करते.

बिघडलेल्या फायलींचा शोध

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येथे सुरू झाला. संगणक दुरुस्त झाला होता. पण रॅम वाढवल्याच्या तारखेनंतर या यंत्रातून गेलेली प्रत्येक फाइल संशयित होती. बॅकअपची डिस्क होती, मात्र तिच्यावरच्या प्रतीही याच रॅममधून गेल्या होत्या. पहिला नियम मी असा घातला की पडताळणी होईपर्यंत जुन्या प्रतीवर नवी प्रत लिहायची नाही, दोन्ही जपायच्या.

संशयित काळातल्या ६१२ फायली फ्लॅक या ध्वनिस्वरूपात होत्या, ही भाग्याची गोष्ट. फ्लॅक फाइलच्या आरंभी मूळ ध्वनीचा एमडी५ (एक प्रकारचा हॅश) लिहिलेला असतो आणि आतल्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे ध्वनीच्या छोट्या तुकड्याला, स्वतंत्र चेकसम असतो, त्यामुळे फाइल स्वतःच स्वतःची साक्ष देते. चाचणीत १४ फायली नापास झाल्या. त्यांपैकी नऊंची बॅकअपवरची प्रत चांगली निघाली, कारण बिट पालटला होता तो दोनांपैकी एकाच प्रतीत. उरलेल्या पाच दोन्हीकडे बिघडलेल्या होत्या. ध्वनी फ्लॅकमध्ये रूपांतरित होण्यापूर्वीच बिट पालटला असेल, तर मात्र एमडी५ चुकलेल्या ध्वनीचाच निघतो आणि चाचणी पार पडते. त्यावर कान देऊन ऐकणे एवढाच इलाज असल्यामुळे अभ्यासकांनी हेडफोन लावून त्या काळातल्या मुलाखती ऐकायला घेतल्या.

वेव्ह स्वरूपातल्या ३८ फायलींचे काम अधिक नाजूक होते, कारण त्या स्वरूपात चेकसम नसतोच. मूळ आणि बॅकअप यांची बिटागणिक तुलना केली तेव्हा तीन फायलींत फरक आढळला. दोन प्रती वेगळ्या आहेत एवढेच तुलनेवरून कळते. खरी कोणती ते ध्वनीची रेघ मोठी करून पाहावे लागले. २४ बिटांच्या नमुन्यातला (ध्वनीच्या एका क्षणाच्या मोजमापातला) वरचा बिट पालटला तर रेघेत एकाच नमुन्याचा उंच सुळका दिसतो आणि कानाला ‘टक्’ असा आवाज येतो. खालचा बिट पालटला तर ना डोळ्यांना कळत, ना कानाला. दोन फायलींत सुळका होता, म्हणून निवड सोपी झाली. तिसरीत फरक खालच्या बिटाचा होता, आणि ती कॅसेट पुन्हा लावून नव्याने मुद्रित केली.

दोन्हीकडे बिघडलेल्या पाच मुलाखतींपैकी चारांच्या कॅसेटी सुस्थितीत होत्या, त्यामुळे त्याही पुन्हा मुद्रित झाल्या. पाचवीची टेप पहिल्या मुद्रणाच्या वेळीच तुटली होती आणि तिचा काही भाग टिकण्याजोगा राहिला नव्हता. तेथे फ्लॅकची रचना पुन्हा उपयोगी पडली: पालटलेल्या बिटाने एकच फ्रेम बिघडवली होती, आणि ४८ किलोहर्ट्झवर ४०९६ नमुन्यांची फ्रेम सुमारे ८५ मिलिसेकंदांची असते. आधीचे आणि नंतरचे सगळे बोलणे शाबूत होते. आम्ही दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या, तेव्हा बिघडलेल्या फ्रेम दोन्हींत एकाच जागी निघाल्या. म्हणजे बॅकअप घेण्यापूर्वीच घाव पडला होता आणि भरून काढायला दुसरे काही नव्हते. त्या जागी शांतता ठेवून फाइल नव्याने बांधली. एका शब्दातला एक स्वर तेवढा हरवला आहे. अभ्यासकांनी सूचीत त्या मुलाखतीसमोर अचूक वेळ, हरवलेल्या अंशाची लांबी आणि कारण लिहिले, आणि बिघडलेली मूळ फाइलही तिच्या शेजारीच जतन केली.